शेवंतीची भावकी

आमच्या घरात फुलांवरून रडारड झाली ती आजवर एकदाच, आणि तीही ऐन नवरात्रात. साल २०१८. रडणारी माझी आई, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. आणि रडण्याचे कारण एक कुंडी.

कुंडी शेवंतीची. आई लग्न होऊन पुण्यात आली ती वाईजवळच्या माहेराहून ओल्या फडक्यात चार काश्या गुंडाळून. घरगुती शेवंती बी पेरून कोणी लावीत नाही. फुलांचा हंगाम सरला की झुडूप खालून छाटायचे, बुंध्याशी नवे धुमारे फुटतात ते मुळांसकट अलगद काढायचे आणि नव्या मातीत लावायचे. याच त्या काश्या. म्हणजे वर्षे उलटतात, कुंड्या फुटतात, पण झाड तेच राहते. आमचा वाडा सुटला, भाड्याच्या दोन खोल्या सुटल्या, कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड आले. ती पिवळी शेवंती प्रत्येक वेळी टांग्यातून, टेंपोतून आमच्याबरोबर आली. सामानात शेवटी चढायची आणि पहिली उतरायची.

आणि डॉक्टरांनी सांगितले, ही कुंडी घरातून हलवा.

त्याआधी तीन पावसाळे आईची त्वचा तिला छळत होती. श्रावण लागला की डोळ्यांच्या पापण्या सुजत, मानेच्या दोन्ही बाजूंना आणि कोपरांच्या वळ्यांत लाल चट्टे उठत, रात्रभर खाजवून ती हैराण होई. थंडीत जरा उतार पडे, की पुढच्या वर्षी पुन्हा दुप्पट. उपाय पुष्कळ झाले. एका डॉक्टरांनी साबण बदलला, दुसऱ्यांनी वांगी बंद केली, तिसऱ्यांनी खोबरेल तेलावर ठपका ठेवला. शेजारणींनी कडुनिंबापासून दृष्ट काढण्यापर्यंत सर्व सुचवून पाहिले. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी चट्ट्यांपेक्षा चट्ट्यांच्या जागांकडेच अधिक वेळ पाहिले आणि भलताच प्रश्न विचारला, "घराजवळ मोकळा प्लॉट आहे का?"

होता. आमच्या इमारतीच्या मागेच होता. कोर्टकज्ज्यात अडकलेली अर्ध्या एकराची जागा. पावसाळ्यात तिथे कमरेएवढे रान माजे, आणि त्यावर बारीक पांढऱ्या फुलांची चादर पसरे. आई खिडकीत बसून माळ जपायची ती त्या चादरीकडे पाहतच.

"हवेतून येणारी वस्तू उघड्या अंगावर बसते," डॉक्टर म्हणाले, "पापण्या, मान, कोपराची घडी. अन्नातून आलं असतं तर असं निवडक उठलं नसतं. आजींच्या पाठीवर आपण एक तपासणी करू."

ती तपासणी म्हणजे पाठीवर छोट्या टिकल्यांची एक पट्टी. प्रत्येक टिकलीत वेगवेगळ्या वस्तूचा थोडा अंश. अठ्ठेचाळीस तासांनी पट्टी काढायची, लगेच एकदा पाहायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहायचे. आईने ते चार दिवस पाठ ओली न करता काढले, आणि नवरात्रात अंघोळीवाचून राहावे लागले म्हणून देवीची रोज क्षमा मागितली. निकाल लागला. गाजर गवताची टिकली होती तिथे पाठ लालभडक होऊन फोड आले होते. शेवंतीच्या जागी त्याहून कमी, पण स्पष्ट सूज. झेंडूची जागा कोरी.

"गवत मी कधी हातात धरलं नाही," आई म्हणाली, "आणि शेवंती पन्नास-साठ वर्षं हाताळतेय. ती आजच कशी वैरीण झाली?"

डॉक्टरांनी समजुतीने सांगितले, "आजी, तुमच्या अंगाचं भांडण गवताशी आहे. वाळलेल्या गवताचा चुरा वाऱ्यावर उडतो, त्याला हात लावावा लागत नाही. पण शेवंती पडली त्याची भावकी. दोघींच्या अंगात एकाच घराण्याची द्रव्यं असतात. शरीरानं एकाला ओळखलं की तोंडवळा जुळणाऱ्या दुसऱ्यालाही ते दारातून हाकलतं." सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, तशातला हा प्रकार. त्या द्रव्यांना सेस्क्विटर्पीन लॅक्टोन असे जीभ वळणार नाही असे नाव आहे. गाजर गवतातल्या मुख्य द्रव्याचे नाव त्या मानाने सुटसुटीत : पार्थेनिन.

घरी आल्यावर आई रडली ती तेव्हा. मी मात्र शूरपणाने खाली उतरलो. आता शत्रू कळला होता!

वाचकहो, शत्रूचे नाव कळणे आणि शत्रू ओळखू येणे यांत किती अंतर असते ते मला त्या संध्याकाळी समजले. अर्ध्या तासात मी इमारतीच्या आवारातून दोन मोठे भारे उपटून काढले आणि घामाघूम होऊन फाटकाशी ढीग घातला. वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आमच्या शेजारच्या इमारतीत राहतात. ते फिरायला निघाले होते. त्यांनी काठीने ढीग उसकटला आणि म्हणाले, "यात गाजर गवताच्या चार काड्या आहेत. बाकी एकदांडी आहे, ओसाडी आहे, आणि हा तळमजल्यावरच्या वहिनींचा दवणा आहे. तो त्यांनी कुंडीत लावला होता ना?"

दवण्याबद्दल मला काय काय ऐकून घ्यावे लागले ते या लेखाच्या विषयात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्राध्यापकांकडे शिकवणीला गेलो. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरले, त्यावर सहा-सात फुले ठेवली, माझ्या हाती भिंग दिले आणि पहिलाच धडा असा दिला की, माझी छप्पन वर्षांची समजूत उलटी झाली. "तुम्ही ज्याला शेवंतीचं एक फूल म्हणता, ते एक फूल नाही. ती सभा आहे."

खरोखरच सभा होती. त्यांनी शेवंतीचे एक फूल मधोमध उभे चिरले. एका बसक्या गादीवर शेकडो चिमुकली फुले दाटीवाटीने बसली होती. आपण पाकळी म्हणतो तीसुद्धा एकेक स्वतंत्र फूलच. तिला किरण-पुष्पक म्हणतात. मधला पिवळा चेंडू म्हणजे नळीच्या आकाराच्या पुष्पकांची गर्दी, ती बिंब-पुष्पके. सगळे मिळून होते स्तबक. सूर्यफूल, झेंडू, डेलिया, झिनिया, अ‍ॅस्टर, गलांडा, सगळ्यांचा संसार असाच. या कुळाच्या जाती जगात तेवीस हजारांहून अधिक आहेत, आणि आपल्या स्वयंपाकघरातही त्यांचा वावर आहे : करडईचे तेल, सूर्यफुलाचे तेल, कारळ्याची चटणी. (सौ.ने हे ऐकताच तेलाचा डबा संशयाने पाहिला. डॉक्टरांना फोन केला. "तेल खुशाल खा, पाला हाताळू नका," असे उत्तर आले तेव्हा कुठे कढई चुलीवर चढली.)

"आता ओळखायचं कसं?" मी विचारले.

"माणसं तोंडावरून ओळखतात, ही मंडळी पाठीवरून," असे म्हणून त्यांनी प्रत्येक फूल पालथे घातले.

ही युक्ती इतकी साधी आहे की ती शाळेत का शिकवीत नाहीत कोण जाणे. स्तबकाच्या खाली हिरवी पेली असते. ती बारीक छदांची बनलेली असते. शेवंती पालथी करा : छदे सुटी सुटी, कौलांसारखी एकावर एक रचलेली, आणि प्रत्येकाची कड कागदासारखी पातळ. झेंडू पालथा करा : छदे एकमेकांना चिकटून त्यांचा अखंड पेला झालेला. बोट फिरवले तरी फरक कळतो, डोळे मिटूनही. आणखी खात्री हवी असेल तर झेंडूचे पान उजेडासमोर धरा. सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. झेंडूचा उग्र वास त्यांतला. शेवंतीच्या पानाला हे ठिपके नाहीत. ते गोलसर कातरलेले, खालून काहीसे करडे, आणि चुरगळले तर त्याचा वास कडवट, औषधी.

मग गाजर गवत. भिंगाखाली ते स्तबक पाहून मला त्याचे कौतुकच वाटले, हे कबूल करतो. रुंदी जेमतेम चार मिलिमीटर. एवढ्याशा पांढऱ्या बटणाच्या कडेला बरोबर पाच किरण-पुष्पके, त्यामुळे आकार पंचकोनी दिसतो. बी धरते ती या पाचांतच. मधली सारी नुसती पराग उधळणारी. म्हणजे एका स्तबकाला पाचच बिया. पण एका झाडावर स्तबके इतकी की, बियांची बेरीज पंधरा ते पंचवीस हजारांवर जाते. पान गाजराच्या पानासारखे चिरलेले, आधी जमिनीसरसा पानांचा फुलोरा, मग मधून उभ्या रेघांचे, बारीक लव असलेले खोड. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलू लागते. गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. लावलेच तर दूध कडू होते.

माझ्या ढिगातल्या निरपराध्यांची ओळखही त्याच बैठकीत झाली. एकदांडीलाही किरण-पुष्पके पुष्कळदा पाचच असतात, म्हणून माझी गफलत. पण ती पिवळसर, टोकाला तीन दात पाडलेली, आणि जमिनीवर सरपटणाऱ्या झाडातून वीतभर लांब एकुलता देठ वर काढून त्यावर एकच स्तबक. नावच त्यावरून पडले. खेड्यात मुलांच्या खरचटलेल्या गुडघ्यावर हिचाच पाला चोळतात. ओसाडीला किरणे मुळीच नाहीत. निळसर-पांढऱ्या कुंच्यांचे झुबके, पाने समोरासमोर, अखंड. आणि चुरगळल्यास बोकडाची आठवण यावी असा वास. दवण्याचे पान मात्र खरोखरच फसवते, तेही चिरलेले असते. पण त्यावर करडी-पांढरी लव असते, आणि त्याचा सुगंध एकदा बोटाला लागला की संध्याकाळपर्यंत जात नाही. चैत्रात जोतिबाला वाहतात तोच हा. मी त्या संध्याकाळी बोटांचा वास घेतला असता तर तळमजल्याशी अबोला टळला असता. दवणाही याच भावकीतला, म्हणून तोही आईपासून दूरच ठेवावा लागला ही गोष्ट वेगळी.

गाजर गवत आपल्याकडे आले कसे, यावर पुण्यात प्रत्येकाजवळ एक कथा आहे. अमेरिकेतून पी. एल. ४८० खाली आलेल्या गव्हाबरोबर आले, ही सर्वांत लाडकी. त्यावरूनच 'काँग्रेस गवत' हे नाव पडले असे कोणी म्हणतात, तर कोणी पांढऱ्या टोप्यांकडे बोट दाखवतात. प्राध्यापकांनी कपाटातून टिपणे काढली. पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर ते उगवलेले पाहून आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातली नवी नोंद म्हणून छापले, हे खरे. पण कलकत्त्याच्या बागेतल्या झाडांची जी यादी रॉक्सबर्ग यांच्या नावाने १८१४ साली निघाली, तीतही हे नाव असल्याचे अभ्यासक दाखवतात. म्हणजे पाहुणा आधी एकदा येऊन गेला असावा. पाय पसरले ते मात्र आपल्या डोळ्यांदेखत. १९७४ साली लोणकर, मिचेल आणि कॅलनान यांनी या गवताने होणाऱ्या त्वचादाहावर निबंध छापला. आईच्या पाठीवर उठलेली टिकली त्या मानाने शिळी बातमी होती.

गंमत अशी की, झेंडूही मूळचा त्याच बाजूचा, मेक्सिकोकडचा. एकाच मुलुखातले दोन परके. एकाला आपण दसऱ्याला दारावर बांधले, वाहनांना घातले, देवाच्या मुकुटात खोचले. दुसऱ्याला तोंड दाखवायला जागा नाही. झेंडूने मात्र त्या वर्षी आमची लाज राखली. डॉक्टरांनी सांगितले, "आजींच्या पाठीवर झेंडू कोरा आहे. दुसऱ्या कुणाच्या पाठीवर असेलच असं नाही, पण आजींना फुलं चालतील." दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मंडईतून दोन किलो झेंडू आणला. आईने पहिले फूल उचलले, पालथे केले, अखंड पेल्यावरून अंगठा फिरवला आणि मग सुई आत घातली. त्यानंतर प्रत्येक फुलाला तिने हेच केले. तोरण व्हायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. कुणी काही बोलले नाही.

शेवंतीची कुंडी तोवर माझ्या धाकट्या बहिणीने नाशिकला नेली होती. आईने ती नेताना पाहिली नाही. आतल्या खोलीत पोथी उघडून बसली होती. कुंडीत कळ्या टिपेला आल्या होत्या. दिवस लहान होऊ लागले की शेवंती कळ्या धरते, त्यामुळे दिवाळी ही तिची हक्काची वेळ.

डिसेंबरात मेहुण्यांकडे चिपळूणला गेलो. तिथे घराच्या गडग्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत पुरुषभर उंचीची झुडपे पांढुरक्या-जांभळट झुबक्यांनी भरली होती. आई ओटीवरून खाली उतरेना. "हेही त्यातलंच का रे?" मी एक डहाळी मोडून आणली, अर्थात तिच्यापासून दूर. पाने समोरासमोर, तिकोनी. देठाशी तीन शिरा फुटून त्रिशूळ झालेला. स्तबक लांबट नळीसारखे, किरणे नाहीत. छदांच्या चार-पाच चळती. रानमोडी. कोकणात वाढलेल्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. कोयत्याचा घाव लागला की आधी हिचाच पाला हाती येतो. पण पुण्याच्या माणसाने एका झुडपाला नावाने हाक मारली याचा मेहुण्यांना फार विस्मय वाटला. तीही अमेरिका खंडातलीच, तीही भावकीच. तेव्हा आईने ओटीवरच बसावे हे ठरले. परतताना घाटात बशीएवढ्या पिवळ्या फुलांचे एक उंच झुडूप दिसले, पाने हाताच्या पंजासारखी चिरलेली. सौ. म्हणाली, "सूर्यफूल!" मी म्हटले, "टिथोनिया. देठ फुलाखाली फुगीर आणि पोकळ असतो." गाडी थांबवून पाहिले. पोकळ होता. त्या दिवशी माझा भाव घरात फार चढला होता.

इथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. झाडाची ओळख पटली म्हणजे रोगाचे निदान झाले नव्हे. एकाच भावकीतल्या कोणाशी पटेल आणि कोणाशी फाटेल हे माणसागणिक वेगळे असते, आणि ते पाठीवरच्या टिकल्यांशिवाय कळत नाही. मी फुले ओळखायला शिकलो. औषध डॉक्टरांनीच दिले.

मागच्या प्लॉटचे काय? २०१८ च्या दिवाळीआधी कुणा ठेकेदाराची माणसे आली होती. त्यांनी फुललेले रान कापले आणि तिथेच वाळत टाकून दिले. याहून वाईट काही करता आले नसते. बी जमिनीत पडले, आणि वाळका चुरा आमच्या खिडक्यांत आला. आईचे ते पंधरा दिवस फार वाईट गेले. म्हणून २०१९ च्या जुलैत आम्ही दोन्ही इमारतींतले अकरा जण स्वतःच उतरलो. जागामालकाची चिठ्ठी घेतली होती. लांब बाह्या, तोंडाला रुमाल, हातात रबरी मोजे. पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना, आणि मुख्य म्हणजे फुले धरायच्या आत, मुळासकट. प्राध्यापक खुर्ची टाकून बसले होते आणि चुकीचे झाड उपटणाऱ्याला काठीने थांबवीत होते. एका कोपऱ्यात पाने चाळणीसारखी झालेली दिसली. तिथे पिवळट पाठीवर काळपट रेघा असलेले भुंगे निवांत चरत होते. हे मेक्सिकन भुंगे १९८३ साली बंगळूरला मुद्दाम आणले आणि पुढच्या वर्षापासून सोडले. पावसाळ्यात ते पाने खातात, कोरड्या दिवसांत मातीत दडी मारतात. तो कोपरा आम्ही त्यांच्याकडेच सोपवला. बाकीच्या जागेत टाकळ्याचे बी फेकले. टाकळा दाट उठला की गाजर गवताला डोके वर काढायला जागा राहत नाही. शिवाय कोवळ्या टाकळ्याची भाजी होते, हा मुद्दा तळमजल्यावरच्या वहिनींनी मांडला आणि दवण्याचा विषय त्या दिवशी मिटला.

त्या वर्षी पांढरी चादर पसरली नाही. इकडे-तिकडे ठिगळे राहिली होती, ती आम्ही सप्टेंबरात पुन्हा काढली. आईच्या पापण्या एकदाच सुजल्या, त्याही चार दिवसांत उतरल्या. खिडकी मात्र ती अजून अर्धीच उघडते.

भाऊबीजेला बहीण आली. दर वर्षी ती केसांत वेणी माळून येत असे. त्या दिवशी अंबाडा मोकळा होता. ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि मग तिने जरा चाचरतच फोन काढून आईपुढे धरला. नाशिकच्या गच्चीवर कुंडी पिवळ्या फुलांनी ओसंडून वाहत होती. शेजारी, नव्या काश्यांच्या, आणखी तीन कुंड्या.

आईने चष्मा वर केला. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. बराच वेळ काही बोलली नाही.

"खालची पानं पिवळी पडलीत," शेवटी ती म्हणाली. "पाणी फार घालतेस तू. एक दिवसाआड घाल."